दोन नंबरचे पाय

आईच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. तेव्हापासून तो उजव्यापेक्षा दोन नंबर लहान. डाव्या बुटात चिंध्या कोंबूनच तिनं शाळेतली सारी नोकरी केली. गेल्या वर्षी मात्र ती अंगणात पडली आणि डॉक्टरांनी बजावलं, आता दोन्ही पायांना नेमके बसतील असे बूट घ्या.

मी तिला नागपुरात बर्डीवरच्या एका मोठ्या दुकानात नेलं. तिथल्या चाळिशीतल्या विक्रेत्या बाईंनी सहा आणि आठ नंबरचे डबे आणले. खाली बसून आईच्या पायात एकेक बूट घातला, अंगठा कुठवर येतो ते दाबून पाहिलं. छान बसले. बिल मात्र होईना.

"मावशी, दोन डब्यांतला एकेक बूट कम्प्युटर घेऊनच नाही राहिला."

"मग दोन्ही जोड दे," आई म्हणाली.

"काहून? उरलेल्या दोन बुटांचं काय करसान?"

बाईंनी हेड ऑफिसला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, सिस्टीममध्ये तशी सोय नाही. मॅनेजर म्हणाले, "जाऊ द्या, बाकी गिऱ्हाईक पाहा." माझं डोकं तापलं. मी आईला उठवू लागलो.

"बसा न जी, दोन मिनिटं."

बाईंनी कम्प्युटरवर खराब माल परत पाठवायच्या कारणांची यादी उघडली आणि एकेक कारण वाचत गेल्या. शिवण उसवली. तळ निघाला. रंग उडाला. पार तळाशी त्या थांबल्या: एका डब्यात दोन वेगळे नंबर. कारखान्याच्या चुकीसाठी ठेवलेलं कारण होतं ते.

"सर, सहा-आठचा जोड मावशीले एका जोडाच्या बिलावर देऊ, उरलेला या कारणाखाली परत पाठवू. खरं काय झालं ते मी लिहून देते."

मॅनेजरांनी पडद्यावरचं ते कारण पुन्हा वाचलं. "वरून विचारणा झाली तर?"

"मी बोलीन."

कम्प्युटरमधल्या रकान्यातली जागा चार शब्दांतच संपली. मग त्यांनी कागदावर लिहून तो डब्याला चिकटवला: 'गिऱ्हाइकाचे पाय दोन नंबरचे आहेत. बूट चांगले आहेत.' खाली सही.

आईनं त्यांचा हात धरला. "तुले कोणत्या शाळेनं शिकवलं वं?"

"नववी नापास आहे मी, मावशी," त्या हसल्या.

विचारणा झालीच, हे मला पुढं कळलं. बाईंनी तेच उत्तर दिलं आणि कारखान्यानं तो जोड ठेवून घेतला. त्या दिवशी आई नवे बूट घालूनच बाहेर पडली. रिक्षा नको म्हणाली, आणि बर्डीच्या गर्दीतून माझ्यापुढं चालत राहिली.