तात्यांच्या पोटातले रेणू

आज अक्षय्य तृतीया. नवा माठ भरला, ओल्या मातीचा वास सुटला आणि मी मनाने थेट सणसरच्या आमच्या ओसरीवर पोचले. तेव्हाही हाच सण होता. हजर: मी, नुकतीच जुन्या अकरावीची, म्हणजे मॅट्रिकची, परीक्षा दिलेली, माझे वडील, आणि मोरगावहून आलेले थोरले चुलते, तात्या. विषय: मला बारामतीच्या कॉलेजात पुढे शिकू द्यायचे की नाही. तात्यांचा शब्द शेवटचा.

"तितं काय शिकवत्यात, दाव," तात्या म्हणाले.

मी औषधाच्या मापाने मोजून पेल्यात एकशेऐंशी मिलिलिटर पाणी ओतले. "अठरा मिलिलिटरमधी सुमारे सहावर तेवीस शून्यं एवढे रेणू, म्हंजी पाण्याचे बारीक कण. ह्यात दहापट!"

खडूने फरशीवर शून्ये मांडत मी उंबऱ्यापर्यंत गेले. वळून पाहिले तर पेला रिकामा. पाहुण्यापुढे ठेवलेले पाणी तात्यांनी पिऊन टाकले होते.

"आता मोज," मिशा पुसत ते म्हणाले. "नुसत्या शून्यांसाठी धाडतुयास व्हय रं पोरीला?"

मी रडकुंडीला आले. "पोटात गेलं तरी रेणू तेवढेच हायत, तात्या. ते संपत न्हाईत."

तात्यांचा हात मिशीवरच थांबला. "मग दर उन्हाळ्यात आमच्या हिरीतलं पाणी जातं कुठं?"

मी फरशीवरची शून्ये पुन्हा पाहिली; त्यांत विहीर कुठेच नव्हती.

"जाऊ दे रं हिला बारामतीला," ते वडिलांना म्हणाले. "शिकून आली की सांगंल."

तेव्हा वाटले, गणिताने जिंकले. खरे तर न आलेल्या उत्तराने तारले.

नव्वदीतले तात्या अजून दर सणाला विचारतात, "गावलं का पाणी?" आजची बाकी सगळी कामे उरकली. मोरगावला फोन करायचा तेवढा राहिला आहे.