बोर्डबाईंचे बारा सेकंद

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या काचेच्या खोलीत बोर्डबाई एकतीस वर्षं बसल्या. बोर्ड म्हणजे टेलिफोनचा स्विचबोर्ड. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी त्यांच्या कानात यायचा आणि मग त्या तो योग्य जागी जोडून द्यायच्या. एवढ्या वर्षांत बोर्ड तीनदा बदलला, काचेला दोनदा तडा गेला, खुर्चीच्या गाद्या किती झाल्या याची गणती नाही. बाई मात्र त्याच. हॉस्पिटलातल्या निम्म्या लोकांना त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर ते डोकं खाजवत बसले असते.

बाईंचा एक नियम होता. आपल्या बाजूने फोन आधी ठेवायचा नाही. समोरचा रडत असो, शिव्या देत असो, नाहीतर चुकून लागलेला असो, तो ठेवेपर्यंत बाई ठेवायच्या नाहीत. हॉस्पिटलचा आणि एका गॅरेजचा नंबर एकाच आकड्याने वेगळा होता. दिवसाकाठी दोन-तीन जण तरी गाडीचं रडगाणं घेऊन यायचे. बाई ते ऐकून घ्यायच्या, गॅरेजचा बरोबर नंबर सांगायच्या आणि वर विचारायच्या, "ब्रेकच गेलाय ना, तुम्हाला काही लागलं नाही ना?"

नोकरीची चार वर्षं उरली असताना सिस्टिम आली. प्रशासक साहेबांनी बाईंना बोलावून समोर बसवलं, पाणी दिलं. तेव्हाच बाईंनी ओळखलं की काहीतरी काढून घ्यायचं आहे.

"आता फोन यंत्र उचलणार," साहेब म्हणाले. "यंत्रच विचारणार, समोरच्याने बटण दाबायचं, फोन आपोआप तिथे जाणार. एक महिना चाचणी. शंभरातले ऐंशी फोन मधे माणूस न लागता नीट पोहोचले, तर बोर्ड बंद. नाही पोहोचले, तर यंत्र परत आणि तुम्ही आहात तिथेच."

"आणि बंद झाला तर मी कुठे?"

"रेकॉर्ड रूममध्ये जागा आहे."

रेकॉर्ड रूम तळघरात होती. जुन्या केसपेपरांचे छतापर्यंत गठ्ठे, एक फडफडणारी ट्यूबलाइट आणि धूळ. बाईंना धुळीने दम लागायचा. साहेबांना ते ठाऊक नव्हतं आणि बाईंनी सांगितलं नाही.

"आणखी एक," साहेब जरा चाचरत म्हणाले. "यंत्राला आवाज लागेल. लोकांना तुमच्या आवाजाची सवय आहे."

बातमी तळघरापर्यंत पोहोचायला अर्धा तास लागला. रेकॉर्डचा कारकून, तोंडाने फटकळ, मुद्दाम जिना चढून आला. "बोर्डबाई, तुमच्या खुर्चीवर जो बसणार, त्याला गळाही तुमचाच? मी असतो तर अस्सा घसा बसवला असता! खोकत खोकत बोला. महिन्याभरात यंत्र गाशा गुंडाळतंय की नाही बघा."

बाईंचे यजमान घड्याळदुरुस्ती करायचे. मितभाषी माणूस, पण त्या संध्याकाळी डोळ्याचं भिंग न काढताच म्हणाले, "कारकून बोलतो ते अगदीच वेडेपणाचं नाही. थोडं पुटपुटलीस तर कुणाला कळणार आहे?"

"तुम्ही कधी गिऱ्हाइकाला घड्याळ मुद्दाम मागे लावून दिलंय?"

यजमानांनी भिंग काढलं, पुसलं आणि परत लावलं. विषय संपला.

आवाज भरायचं काम चादरींच्या खोलीत झालं. सिस्टिमवाला चाळिशीचा, शांत गृहस्थ होता. सगळ्या खोल्यांतून टाळ्या वाजवत फिरला आणि म्हणाला, "मॅडम, इथेच. कापडाचे ढीग घुमणारा आवाज पिऊन टाकतात." मग धुतलेल्या चादरींच्या थप्प्यांमध्ये स्टूल टाकून बाई बसल्या आणि तीन दिवसांत त्रेचाळीस वाक्यं बोलल्या. एक ते नऊ हे आकडे त्याने दोन-दोनदा म्हणवून घेतले, एकदा वाक्याच्या मधे येतील तसे आणि एकदा शेवटी येतील तसे. "हसून बोला, मॅडम. हसणं ऐकू येतं."

"एकतीस वर्षं दुसरं काय करतेय?" बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त मशीनचं बटण चालू आहे का ते बघा."

ते चालू नव्हतं. सात वाक्यं परत म्हणावी लागली.

वाक्यं साहेबांनी लिहून दिली होती, कार्यालयाच्या तक्त्याबरहुकूम. प्रशासन विभागासाठी एक दाबा. खरेदी विभागासाठी दोन दाबा. असं करत करत बाह्यरुग्ण विभाग सहावर आणि आंतररुग्ण विभाग सातवर. शेवटचं वाक्य होतं, 'आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही. धन्यवाद.' बाईंनी ते दोनदा वाचलं. पण सांगितलेलं काम होतं. त्यांनी तेही हसून म्हटलं.

चाचणी सुरू झाली. बोर्ड आता फक्त हॉस्पिटलच्या आतल्या फोनांपुरता उरला. बाई काचेच्या खोलीत बसून राहायच्या आणि समोरचे बाहेरच्या लाइनींचे दिवे लागायचे, विझायचे. त्यांना मधे पडायची परवानगी नव्हती. दोन आठवड्यांनी यंत्राने स्वतःच अहवाल छापून दिला. शंभरातले अठ्ठावन्न फोन पोहोचले. अकरा जणांनी कंटाळून ठेवले. एकतीस फोन 'निवड न झाल्याने बंद'.

"अठ्ठावन्न म्हणजे नापास!" कारकून जिन्यातूनच ओरडला. "बोर्डबाई, चहा पाजा. आणखी दोन आठवडे गप्प बसा, की खुर्ची तुमची."

बाईंनी चहा पाजला. त्यांना आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. त्या दिवशी त्यांनी खुर्चीची गादी झटकून उन्हात ठेवली.

रविवारी दोघं आत्याकडे गेले. आत्या म्हणजे बाईंच्या वडिलांची थोरली बहीण. बाईंची आई लवकर गेली, तेव्हापासून बाईंना हिनेच वाढवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. बोटं सांधेदुखीने वाकडी झालेली, जीभ मात्र सरळ. दार उघडलं आणि काही न बोलता आत जाऊन पाठ करून बसली.

"आत्या, काय झालं?"

"माझ्याशी बोलायला वेळ आहे का साहेबीणबाईंना? की परत फोन आपटणार?"

"मी कधी फोन आपटला?"

"मंगळवारी. तीनदा. डोळ्यांचे डॉक्टर कधी बसतात, एवढंच विचारायचं होतं. तर तू आपली सुटलीस, प्रशासन काय, खरेदी काय. मला काय गाद्या विकायच्यात हॉस्पिटलला? आणि शेवटी 'धन्यवाद' म्हणून ठेवून दिलास."

"अगं, ते यंत्र आहे."

"यंत्र आहे ते मलाही कळतं. काल नाही जन्मले मी. पण आवाज कुणाचा? शेजारीणही ऐकत होती. म्हणाली, अहो, ही तर तुमची भाची, फोन ठेवला की हो तिने."

बाई यजमानांकडे वळून म्हणाल्या, "अहो, तुमचं स्टॉपवॉच आहे का खिशात?"

ते नेहमीच असायचं. बाईंनी आत्याला पुन्हा हॉस्पिटलला फोन लावायला सांगितला. "सहा दाब हं, आत्या. सहा."

"माहितीये." आत्याने मोबाइल कानाला लावला. सगळी यादी ऐकली, मग फोन कानावरून खाली घेतला. पडदा काळा झालेला. तो पेटवला. चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. आकडे पडद्यावर दिसेनात, ते आणायला कुठे दाबायचं ते आठवलं. मग वाकडं बोट नेम धरून सहावर टेकवलं. तोवर फोनमधून हसऱ्या आवाजात 'धन्यवाद' येऊन गेलं होतं.

"अकरा सेकंद," यजमान म्हणाले.

यंत्र पाच सेकंद थांबायचं.

परतताना गल्लीच्या तोंडाशी यजमान म्हणाले, "उद्या काही बोलली नाहीस तर यंत्र आपसूक परत जाईल."

"हो."

"तळघरात तुला दम लागेल."

"तेही खरं. पण अजून दोन आठवडे शंभरातले एकतीस फोन माझ्या आवाजात कापले जाणार. मी एकतीस वर्षांत एक नाही कापला."

यजमानांनी मान हलवली. "स्टॉपवॉच ने बरोबर," एवढंच म्हणाले.

सोमवारी सिस्टिमवाला आला तेव्हा बाई त्याची वाटच बघत होत्या. "पाच सेकंद कुणी ठरवले?"

"ते आधीपासून तसंच असतं, मॅडम."

"बारा करा."

"बारा सेकंद शांतता? लोकांना वाटेल लाइन मेली."

"मग शांतता नको. मधे मी बोलते. 'सावकाश दाबा. घाई नाही.'"

सिस्टिमवाला हसला. मग हसायचा थांबला आणि वहीत लिहून घेतलं.

साहेबांच्या खोलीत बाई आपली नोंदवही घेऊन गेल्या. कोणता फोन कुठे जोडला याच्या रेघा त्या वर्षानुवर्षं मारत आलेल्या होत्या, कुणी न सांगता. शंभरातले छत्तीस विचारतात, डॉक्टर कधी बसतात. सव्वीस विचारतात, आमचा माणूस दाखल आहे, तो कसा आहे. "लोक 'आंतररुग्ण' म्हणून फोन करत नाहीत, साहेब. 'आमचा माणूस' म्हणून करतात. ते जसं विचारतात तसंच यादीत म्हणू या. डॉक्टरांची वेळ एकवर, दाखल माणसाची चौकशी दोनवर."

"आणि माझं प्रशासन?"

"सातवर."

"सातवर?"

"ज्यांना तुम्ही हवे असता त्यांच्याकडे तुमचा थेट नंबर असतो."

साहेबांना हे खरं वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. बाईंनी शेवटची गोष्ट काढली. बारा सेकंदांनंतरही कुणी काही दाबलं नाही, तर फोन कापायचा नाही, माणसाकडे द्यायचा.

"मग कुणीच दाबणार नाही! सगळे गप्प बसून राहतील."

"ज्याला दाबता येतं तो दाबतोच, साहेब. त्याला घाई असते."

"आणि तो माणूस आणायचा कुठून? नोंदणीच्या खिडकीवर आधीच रांग."

"रेकॉर्ड रूममध्ये फोन आहे. तिथे कुणीतरी बसणारच आहे ना?"

साहेबांनी नोंदवहीवरून मान वर केली. "बाई, हे जमलं तर बोर्ड बंद होईल. लक्षात येतंय ना तुमच्या?"

"पहिल्या दिवसापासून, साहेब."

चादरींच्या खोलीत पुन्हा स्टूल पडलं. 'धन्यवाद'चं वाक्य बाईंनी पुसायला लावलं. नवी यादी भरून झाल्यावर 'सावकाश दाबा'चं वाक्य एकाच दमात झालं. सिस्टिमवाला म्हणाला, परत म्हणायची गरज नाही, आणि या वेळी बटण चालू होतं.

पुढच्या दोन आठवड्यांचा आकडा शहाऐंशी आला आणि साहेबांनी तोच धरला. उरलेल्या चौदातल्या दोघांनी स्वतःहून फोन ठेवले. बारा फोन काहीच न दाबता थांबून राहिले. ते बोर्डवर बाईंकडे आले, त्यांपैकी एकही कापला गेला नाही.

बोर्ड काढायला दोन माणसं आली. तारा तोडल्या, पेटी उचलली, भिंतीवर एक फिकट चौकोन उरला. बाईंनी खुर्ची मागून घेतली, ती कारकुनाने स्वतः तळघरात वाहून नेली. बाई खाली उतरल्या तेव्हा फरशी धुतलेली होती. दोन मांडण्या झाडून त्यांवर जुन्या चादरी टाकल्या होत्या, ट्यूबलाइट नवी होती आणि टेबल झरोक्याखाली सरकवलेलं होतं.

"इथे धूळ कमी येते," कारकून दुसरीकडे बघत म्हणाला. "मुद्दाम काही केलेलं नाही, असंच आवरायचं होतं. तुम्हाला दमा आहे हे काय आम्हाला जिन्यात ऐकू येत नाही? आणि हो, इथे हुकूम माझाच चालेल."

"चालू द्या," बाई म्हणाल्या आणि बसल्या.

पहिला फोन पावणेअकराला वाजला. बाईंनी उचलला. "नमस्कार, बोला."

"अगं बाई, लागली एकदाची!" आत्या होती.

"आत्या, दाबलं का नाहीस? डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी आता एक आहे, पहिलाच. बारा सेकंदही पुरले नाहीत का?"

"पुरले की. चष्मा लावून, बोट एकवर नेऊन बसले होते. तू म्हणालीस, घाई नाही. म्हटलं, खरंच नाही ना, मग बसू या."

"अगं, पण दाबायचं की!"

"दाबलं असतं तर तू कुठे भेटली असतीस?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. कारकून गठ्ठ्यामागे होता, पण कान इकडेच होते. त्या रिसीव्हर तोंडाजवळ घेऊन हळूच म्हणाल्या, "आत्या, हे साहेबांच्या कानावर जाता कामा नये हं. आणि डोळ्यांचे डॉक्टर गुरुवारी, दहा ते एक."

"बरं. ठेव आता."

"तू ठेव आधी."