बाबांच्या पाटावर

छातीतली जळजळ माझ्या चांगल्या ओळखीची आहे. स्वादुपिंडाला सूज येऊन मी आदिलाबादच्या दवाखान्यात पडलो, बरा झालो, पण ही जळजळ मागे राहिली. तेलातुपाचं खाल्लं की छातीतून गळ्यापर्यंत चढते, आणि पुढं वाकलं तर वाढते. स्वादुपिंडाची कळ उलटी: ती पाठीत घुसते, वाकून पोटाशी उशी धरली की जरा दम घेऊ देते. दोन्हींतला हा फरक मी सोसून शिकलो. घरात मला आता 'उकडलेला माणूस' म्हणतात, कारण माझ्या ताटात सगळं उकडलेलंच. म्हणोत बापडे.

शेवटच्या वर्षी बाबा असेच उशी पोटाशी धरून बसायचे. "जळून राह्यलं, सोडा दे वं," म्हणायचे आणि आई खायचा सोडा पाण्यात घालून द्यायची. आम्ही सगळे त्याला पित्तच म्हणत होतो. त्यातच ते गेले.

बाजारहत्नूरकडच्या आमच्या गावात पितृपक्षातल्या अमावस्येला पितर जेवू घालतात. बाहेरचा माणूस गेलेल्याच्या पाटावर बसतो. जेवण होईपर्यंत तो गेलेलाच असतो. त्याला नावानं हाक मारायची नाही, मागेल ते द्यायचं, भरल्या ताटावरून उठवायचं नाही. त्यानंही पानात काही टाकायचं नसतं. यंदा आईनं गावात नव्यानं राहायला आलेल्या एका शेतकऱ्याला बोलावलं होतं. बाबांना या गृहस्थांनी कधी पाहिलंही नव्हतं.

भर दुपारी पंगत बसली. वडे, कढी, खीर. ते मन लावून जेवत होते, आणि मधेच त्यांचा हात थांबला. ते पुढं वाकले. मागं न बघताच डाव्या हातानं खाटेवरची उशी ओढली, पोटाशी घट्ट धरली.

"जळून राह्यलं," ते म्हणाले. "सोडा दे वं."

मला वाटलं आई घाबरेल. तिचा चेहरा उजळला. "आले," ती पुटपुटली, आणि तिनं वड्यांवर तुपाची धार धरली.

त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता, तरी ते पुढचा घास उचलत होते.

"आई, तूप नको! ही जळजळ नाही. यांना दवाखान्यात न्यावं लागते."

"तू चूप बस. किती दिसानं आले ते. जेवू दे."

मी ताट ओढून घेतलं. पितराचं ताट ओढलेलं आमच्या गावात कुणी पाहिलं नसेल. आई किंचाळली. त्यांना काय म्हणून हाक मारावी कळेना, आणि तोंडातून निघून गेलं, "बाबा, चला. गाडी दारातच आहे."

त्यांनी मान वर केली. चेहरा राखेसारखा, डोळे मात्र शांत.

"तवा काऊन नाही नेलं?"

आईनं तुपाचं भांडं खाली ठेवलं. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं. गाडीत मला शेजारी बघवेना.

दवाखान्यात स्वादुपिंडाची सूजच निघाली. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, डॉक्टर म्हणाले. कळ उतरल्यावर त्या गृहस्थांना पंगतीतलं काहीच आठवत नव्हतं.

मी आईला फोन करून सांगितलं की ते वाचले, वेळेवर आणलं म्हणून.

ती म्हणाली, "मंग तुहे बाबा बी वाचले असते ना रे."