निळा धूर, वागळे इस्टेटपर्यंत

रविवारी सकाळी सातला डोंबिवलीहून निघालो, तेव्हा बायको, शैला, खाली गेटपर्यंत आली. एरवी गॅलरीतूनच हात करते. "अहो, कितीही खर्च सांगितला तरी आधी मला फोन करा," म्हणाली. मी चावी फिरवली. मागे असा निळा धूर उठला की वॉचमन खुर्ची उचलून आत पळाला.

गाडी चौदा वर्षांची, डिझेलची. माझी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली तेव्हापासून शैला पहाटे चाळीस डबे भरते आणि मी ते त्याच वागळेत पोचवतो. घर त्यावरच चालतं. महिनाभर हा धूर चाललेला. इंजिन ऑइल पितंय हे तर उघडच होतं. दर शनिवारी मी डिकीतल्या कॅनमधून जेमतेम पेलाभर ओतायचो, तरी तो कॅन बघता बघता रिकामा! आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याने नुसता धूर पाहून इंजिनकामाचे एक लाख दहा हजार सांगितले. अरे, अख्खी गाडी विकली तरी तेवढे यायचे नाहीत! तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं.

शीळ रस्त्यावर माझा एक डोळा समोर आणि एक टेम्परेचरच्या काट्यावर. शीळफाट्याला काटा वर सरकला. गाडी बाजूला घेतली. तिथे झाडाखाली गावातल्या एक आगरी मावशी ताडगोळे विकत बसलेल्या.

"काय झाला रं दादा? गारी (गाडी) तापली?"

"तापली हो मावशी. जाईल की नाही ठाण्याला, देव जाणे."

"जाल रं जाल. बग, तुजे धुरानी माज्या माश्या पलाल्या!" त्या खदखदून हसल्या. मला हसू येईना. सहा ताडगोळे घेतले, दोन तिथेच उभ्याने खाल्ले. गार, गोड होते. चव मात्र मुंब्रा बायपासला पोचल्यावर कळली.

बायपासचा चढ मी दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. एका बाजूला डोंगर, खाली दाटीवाटीची घरं, पलीकडे चकाकणारी खाडी. एरवी मी इथे गुणगुणतो. आज मागचा ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि मी स्टिअरिंगला थोपटत होतो, "एवढा चढ काढ गं बाई, पुढचं पुढे बघू." काढला तिने.

वागळेत रविवारची सामसूम. ज्यांना गाडी दाखवायची होती त्या मिस्त्रींच्या गॅरेजचं शटर उघडं होतं. हे आमचे डब्याचे जुने गिऱ्हाईक, शैलाच्या आमटीचे भक्त. त्यांनी धुराकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी ऑइलची पट्टी बाहेर ओढली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली.

"वरच्या खुणेच्या दोन बोटं वर आहे ऑइल! बघत नाही का तुम्ही?"

"बघतो ना. पट्टी ओली दिसली की झालं. आणि महिनाभर दर शनिवारी पेलाभरच तर ओततोय."

त्यांनी कपाळावर हात मारला. जादा ऑइल हवेच्या वाटेने आत ओढलं जातं आणि जळतं, तोच हा धूर, म्हणाले. खालून दीड लिटर काढलं, पाइप साफ केले. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उलटं ठेवलं. "उडालं तर इंजिन गेलं. बसून राहिलं तर आहे."

झाकण थरथरलं, जरा सरकलं. आणि बसून राहिलं.

"दोन हजार द्या. पण पेलापेलाने दीड लिटर? महिन्याभरात? तुमचा हिशेब जमत नाही हो."

परतीच्या वाटेवर धूर नव्हता आणि मला तेच कोडं छळत होतं. गेटवर शैला उभीच. फोन करायचा मी साफ विसरलेलो. सगळं सांगितलं, तशी ती पायरीवर बसली.

"अहो, मीपण ओतायचे. पहाटे डिकीत डबे ठेवताना, त्याच कॅनमधून. धूर दिसला की वाटायचं, कमी पडलं असेल."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आधीच जेवत नव्हता."

मी उरलेले चार ताडगोळे तिच्या हातात दिले आणि तिच्या शेजारी पायरीवर बसलो. "आणि मी तो कॅन डिकीत लपवून ठेवायचो," म्हणालो, "ऑइल ओततोय हे तुला कळू नये म्हणून."