राणीसावरगावचे शकानशाह

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, शाळेत जुन्या इराणवर प्रकल्प आहे, तुला काही माहीत आहे का?" आहे, पण फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून पाठवते. इराणच्या बादशहांनी साऱ्या साम्राज्यात वाटल्या नसतील एवढ्या पदव्या तुमच्या आजोबांच्या एका मित्राने एकट्या गंगाखेड तालुक्यात वाटल्या.

हे गुरुजी इतिहास शिकवून निवृत्त झाले होते, पण ती बातमी त्यांच्या आवाजापर्यंत पोचली नव्हती. त्यांचा आवडता विषय जुना इराण. तिथल्या सासानी घराण्याचे बादशहा आपल्या मुला-भावांना दूरच्या सुभ्यांवर पाठवीत आणि सुभेदार न म्हणता सरळ राजाच म्हणत. कोणी किरमानशाह, कोणी गीलानशाह, शकांच्या मुलखावरचा तो शकानशाह. "वहिनी, खाली एवढे शाह असले तरच वरचा शहेनशाह!" चहा पिता पिता ते मला समजावत. त्या न्यायाने बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीमागचा गृहस्थ किरमानशाह झाला, कारण दूरच्या किरमानसारखीच त्याच्यापर्यंतही कोणाचीच फिर्याद पोचत नसे. या पदव्या राजघराण्यातल्यांनाच मिळत, हे मी पुस्तक उघडून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "पुस्तकात जागा कमी असते."

लग्नांत माईक त्यांच्याच हाती. आपल्याकडे मानकऱ्यांना नाव पुकारून फेटा बांधतात, हे तुम्ही पाहिलंय. राणीसावरगावच्या एका लग्नात नवरीला वडील नव्हते. मेंढरं राखून मामानेच तिला वाढवलेलं. मानकऱ्यांच्या यादीत नेमकं त्याचंच नाव राहून गेलं. तो जाऊन टेम्पोत बसला. "कारखान्याच्या चेअरमनच्या डायवरला फेटा, अन् मी काय हितं मेंढरं राखायलोय का?"

बोहल्यावर नवरीला आणायचं मामाने. ती आत हटून बसली. "मामा न्हाई, तर मी उठत न्हाई."

नवरदेवाचे वडील घड्याळ बघत म्हणाले, "धा मिनिटं. मंग आमी निघालोत."

गुरुजींनी यादी खिशात घातली आणि माईक तोंडाजवळ धरला. "मंडळी, आतापर्यंतची नावं पाहुण्यांची होती. आता पुकारतो या घरच्या राजाला. बहिणीची लेक ज्यांनी एकट्यानं वाढवली, ते समद्या माळरानाचे शकानशाह!"

सर्वांत आधी चेअरमन उठून उभे राहिले. आपल्याहून मोठं पद असावं, असं त्यांना वाटलं. मग सगळेच उठले.

मामा टेम्पोतून उतरला. "गुरुजी, हे काय असतंय?"

"चेअरमनच्या वरचं."

"मंग बांधा."

फेटे संपले होते. गुरुजींनी आपल्या डोक्यावरचा सोडून त्याला बांधला. मामा आत गेला आणि हात धरून भाचीला घेऊन आला. बोडक्या डोक्याने गुरुजी मंगलाष्टकं म्हणत होते, तेही बेसूर.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. शकानशाह म्हणजे काय, हे आता तिथे कोणाला सांगता येत नाही. राणीसावरगावात लग्नाचा पहिला फेटा मात्र अजून नवरीच्या मामालाच बांधतात.