तळ्याकडचं शेवटचं घर

नांदेडबाहेर तळ्याकाठच्या नव्या वसाहतीत तळ्याकडे तोंड असलेलं एकच घर उरलं होतं, आणि मला तेच हवं होतं. तरी सामायिक बाग आणि पोहण्याचा तलाव दाखवणाऱ्या बिल्डरच्या माणसाला मी चळवळीच्या पत्रकाच्या भाषेत सुनावलं, तळं सगळ्यांचं असतं.

हदगावहून आलेली एक अनोळखी मावशी चपला काढून त्या घराच्या ओट्यावरून तळहात फिरवत ऐकत होती. तिनं मान डोलावली की मला चेव यायचा. भाषण संपेपर्यंत तिनं नोंदणीच्या टेबलाशी जाऊन त्या घरासाठी सहीही केली होती.

"लई खरं बोललास बाबा," ती म्हणाली. "आमच्या आजीला गावच्या तळ्याला हात लावू देत न्हवते. म्हणून काठावरचंच घेतलं. चहाला येत जा."

माझ्या डोळ्यांदेखत क्रांती झाली होती. मागच्या रांगेत काही शिल्लक आहे का, हे मी हळूच विचारलं.