दोन बोटं कापड

शिवणघरातल्या बायका तिला पुढारीण म्हणत. आधी टोमणा म्हणून, मग सवयीनं. गळ्यात टेप, पदराला टोचलेली सुई आणि तोंडी कायम उद्याची काळजी. तहान लागल्यावर विहीर खणणारी ती नव्हेच. घसा ओला असतानाच कुदळ शोधायला लागायची. बायकांची ही संस्था तिनंच उभी केलेली, आणि ती चालायची एका शाळेच्या गणवेशांवर. शाळा गेली की मशिनं झाकायची आणि घरी बसायचं, इतकं सरळ.

गेल्या वर्षी मागणी घटली. पुढारणीनं लगेच बैठक बोलावली. कारण काही लांब शोधायला लागलं नाही. या बायका पॅन्टच्या पायाशी, आतल्या बाजूनं, दोन बोटं जादा कापड दुमडून ठेवत. पोर वाढलं की आई उसवून खाली सोडायची. थोरल्याची पॅन्ट धाकट्यालाही पुरायची.

"आपलंच चांगलं काम आपल्या मुळावर आलंय," पुढारीण म्हणाली. "दुमड अर्ध्या बोटाची करू. आया दरवर्षी येतील."

"येतील की. भांडायला," मशीन न थांबवता तिची थोरली जाऊ म्हणाली.

"जाऊबाई, तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते!"

"बरं बाई, नाही दिसत." सगळ्यांबरोबर जाऊबाईंनीही होकाराचा हात वर केला. एका घरात राहायचं होतं ना!

अतिकाळजीवाल्यांचं हे असंच. खड्डा चुकवतात आणि विहिरीत पडतात. वर्ष निम्मं सरलं नाही तोच पोरांचे घोटे दिसायला लागले. आयांनी उसवून पाहिलं, तर आत सोडायला काही नाही. तक्रारी मुख्याध्यापिकेकडे गेल्या आणि तिचा निरोप आला: पुढच्या वर्षी गणवेश कारखान्यातून येतील. दरवर्षी टाकूनच द्यायचे, तर ते काय वाईट?

पुन्हा बैठक. कुणी म्हणालं अर्ज करू, कुणी म्हणालं तिच्यापुढे रडू.

"रडायला मी येते," जाऊबाई म्हणाल्या. "हिच्या संगतीत चांगला सराव झालाय."

सगळ्या हसल्या. पुढारीण मात्र वर, सामानाच्या माळ्याकडे बघत होती. "दुमडीतून वाचलेल्या पट्ट्या आपण ठेवल्या होत्या ना?"

"आहेत की. तुझ्या दूरदृष्टीचं गाठोडं."

दुसऱ्या दिवशी दोघी जावा गाठोडं आणि हातमशीन घेऊन शाळेत हजर.

"बाई, निर्णय झालाय," मुख्याध्यापिका म्हणाली.

"असू दे. दुमड कमी करायचं माझ्या डोक्यातून निघालं, आणि ते चुकलं. पुढच्या वर्षाचं तुम्ही बघा. या वर्षीचे उघडे घोटे माझे आहेत. मला फक्त व्हरांडा द्या."

आपलाच माल वाईट म्हणणारी बाई मुख्याध्यापिकेनं पहिल्यांदाच पाहिली असावी. तिनं व्हरांडा दिला. दोघी जावा तिथं बसून एकेका आखूड पॅन्टच्या पायाला पट्टी जोडायला लागल्या.

धुऊन धुऊन गणवेश विटलेले, पट्ट्या कोऱ्या. जोड लांबूनही कळायचा. पुढारीण मनातून खट्टू झाली. पण पोरांचं गणित वेगळंच होतं.

"माझी पट्टी तुझ्यापेक्षा रुंद! मी जास्त वाढलो!"

ज्याच्या पॅन्टला पट्टी लागली नव्हती, तो रडायच्या बेतात आला. मुख्याध्यापिका खांबाशी उभी राहून ऐकत होती. तिला हसू आवरेना.

"एक वर्ष देते," ती म्हणाली. "एकच. आणि दुमड?"

"दोन बोटं."

"मागणी पुन्हा घटेल मग."

"घटू दे. या पोरांच्या आयांचे ब्लाउज मजुरी घेऊन उसवून सैल करून देईन इथेच, दर महिन्याला. आत्ताच फाटकाशी तिघींनी विचारलंय."

परतताना मशीन जाऊबाईंच्या हातात होतं. कोपऱ्यावर आल्यावर पुढारीण म्हणालीच, "जाऊबाई, एका वर्षाची सोय झाली. त्यानंतर?"

"त्यानंतरचं त्यानंतर. आधी मशिनाला हात लाव, माझा खांदा निखळतोय."

पुढारणीनं दुसरी बाजू धरली. चार पावलं तरी उद्याची काळजी विसरून मशिनाचा तोल सांभाळत चालली.